सुखाची नोकरी

शाळेच्या वार्षिक अंकात उद्योगाची थोरवी गावी आणि आळसाची निंदा करावी, अशी जुनी वहिवाट आहे. ती वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु असल्या लेखांचा परिणाम ज्यांवर व्हावा त्यांवर तो बहुधा होत नाही. उद्योगी विद्यार्थी लेख वाचून संतोष पावतो आणि आळशी विद्यार्थी पान उलटतो. यास्तव या खेपेस आम्ही पान उलटणाऱ्या वाचकाशीच दोन शब्द बोलण्याचे योजिले आहे. त्याच्या मनात एक प्रश्न असतो. तो शिक्षकांस अथवा वडिलांस विचारण्यास मात्र तो धजत नाही. प्रश्न असा की, अंगास फारशी तोशीस न लागता चांगला पगार मिळेल अशी नोकरी जगात आहे काय, आणि असल्यास ती कशी मिळवावी?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो केवळ मुलांच्याच मनात असतो असेही नाही. आमच्या चारकोपातून रोज सकाळी कितीतरी माणसे डबा घेऊन बाहेर पडतात, बस किंवा रिक्षा करून कांदिवली स्थानक गाठतात, लोकलच्या गर्दीत एका पायावर उभी राहून चर्चगेटच्या दिशेने जातात आणि दिवेलागण झाल्यावर तशीच परत येतात. अशा मनुष्याने आपल्या मुलास, 'बाळा, मला जे सुख लाभले नाही ते तुला लाभो. बसून करण्याची एखादी बरी नोकरी पाहा,' असे सांगितले, तर त्यात आळस नसून माया आहे. तेव्हा सुखाच्या नोकरीची इच्छा हे पाप आहे, असे आम्ही मुळीच मानीत नाही. ती इच्छा कोणत्या वाटेने गेली असता माणसाचे भले होते आणि कोणत्या वाटेने गेली असता त्याचा घात होतो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

ही इच्छा आजची नव्हे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली. पुढे 1857 साली मुंबई विश्वविद्यालयाची स्थापना झाली, इंग्रजी शिकलेल्या माणसास सरकारी कचेरीत खुर्ची मिळू लागली, आणि हळूहळू त्या म्हणीचा क्रम लोकांच्या मनात पुरता उलटला. शेतकऱ्याचे उत्पन्न आभाळाकडे पाहून ठरते, दुकानदाराचे गिऱ्हाइकाच्या लहरीवर ठरते. कारकुनाचा पगार मात्र महिन्याच्या ठरलेल्या दिवशी येतो. लोक ज्यास 'सुखाची नोकरी' म्हणतात त्यात कामाच्या अल्पतेपेक्षा या निश्चिततेचीच ओढ अधिक असते. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण पुष्कळ मुलांस आपण आळशी आहो असे वाटते, परंतु वस्तुतः ती आळशी नसून घरातील ओढाताण पाहून भ्यालेली असतात.

आता आळशी विद्यार्थ्याच्या बाजूने एक गोष्ट आरंभीच कबूल केली पाहिजे. पगार घामाच्या मापाने मिळत नाही. बाजारात दिवसभर गोणी वाहणारा हमाल आणि गटारे उपसणारा सफाई कामगार यांच्याइतके कष्ट फार थोडे लोक करीत असतील. तरीही थंडगार खोलीत बसून सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार त्यांच्याहून कितीतरी पट अधिक असतो. मुले आंधळी नसतात. 'कष्ट करा म्हणजे पैसा मिळेल' असे आपण त्यांस नुसते सांगत राहिलो, तर ती मनात म्हणतात, 'मग हमालाची माडी का नाही?' या प्रश्नास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. उत्तर हे की, कामाचे मोल कष्टावर ठरत नसून, ते काम करू शकणारी माणसे किती आणि त्यांची गरज किती, यावर बहुतांशी ठरते. गोणी उचलण्यास शेकडो हात तयार असतात, म्हणून हाताचे मोल उतरते. शस्त्रक्रिया करू शकणारे हात थोडे असतात, म्हणून त्यांचे मोल चढते. ही रीत सर्वथैव न्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही; समाजाने सफाई कामगारास अधिक मान आणि अधिक दाम द्यावयास पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु बाजार असा चालतो खरा, आणि नोकरी शोधण्यास निघालेल्याने तो कसा चालतो हे जाणून घेतलेच पाहिजे.

या नियमातूनच आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर निघते. नोकरीच्या अंगी तीन गुण असावे असे आळशी मनुष्यास वाटते: काम सोपे असावे, पगार भरपूर असावा आणि ती कोणासही सहज मिळावी. यांपैकी कोणतेही दोन गुण एकत्र नांदू शकतात. तिन्ही एका ठिकाणी फार काळ राहत नाहीत. काम सोपे असून कोणासही मिळणारे असेल, तर माणसांची रीघ लागते आणि पगार उतरतो. पगार भरपूर असून नोकरी सहज मिळत असेल, तर त्या कामात काहीतरी धोका, घाण किंवा जाच असतो, म्हणून लोक तिकडे जात नाहीत. आणि काम सोपे असून पगारही चांगला असेल, तर त्या नोकरीचे दार इतके अरुंद होते की आत शिरण्यातच सारे कष्ट खर्ची पडतात.

या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. 2023 साली महाराष्ट्रात तलाठ्याच्या 4,644 जागांची भरती निघाली, तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एकेका जागेमागे दोनशेंहून अधिक उमेदवार. त्यांतील कित्येकांनी गाव सोडून शहरात खोली घेतली, रात्री जागविल्या, वर्षानुवर्षे तीच पुस्तके पाठ केली. सुखाच्या खुर्चीसाठी एवढे श्रम करणाऱ्यास आळशी कोण म्हणेल? शिवाय ती खुर्ची मिळाल्यावर तरी सुख मिळते काय? सातबाराच्या नोंदी आणि फेरफार, अवकाळी पाऊस पडला की बांधाबांधावर जाऊन करावयाचे पंचनामे, निवडणुकीची कामे, हे सारे तलाठ्याच्याच माथी असते. दुरून डोंगर साजरे, ही म्हण नोकरीस जितकी लागू पडते तितकी डोंगरासही पडत नसेल.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशीच बसलेले असते. इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी पाहून कित्येक मुलांस वाटते की, याच्यासारखे सुखी कोणी नसेल. याला बसण्याचा पगार मिळतो. परंतु तो पहारेकरी बहुधा बारा तासांची पाळी करतो. झोप येत असता जागे राहणे, कोणी हाक मारील म्हणून खुर्ची न सोडणे, चोरी झाली की प्रथम संशय आपल्यावर येईल हे जाणून असणे, हे त्याचे काम आहे. ते काम कोणासही मिळण्याजोगे असल्यामुळे त्याचा पगार घर चालविण्यास जेमतेम पुरतो. रिकामे बसणे आणि विश्रांती घेणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

येथवर सांगितलेले ज्यास पटले असेल, त्याच्या हाती एक उत्तम कसोटी आली असे समजावे. जो कोणी सोपे काम, भरपूर पगार आणि सर्वांस मुक्तद्वार, अशी तिन्ही आमिषे एकदम दाखवील, तो नोकरी देणारा नसून बहुधा गळ टाकणारा असतो. लोकलच्या डब्यात 'घरबसल्या कमवा' अशा चिठ्या चिकटविलेल्या आपण पाहिल्या असतील. आता त्याच चिठ्या मोबाईलवर येतात. त्यांच्या तऱ्हा पालकांस आणि विद्यार्थ्यांस ठाऊक असाव्या म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली तऱ्हा अशी. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर निरोप येतो की, अमुक चित्रफिती पसंत केल्याची खूण करा, प्रत्येकीस इतके रुपये मिळतील. प्रारंभी शंभर-दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात आणि विश्वास बसतो. मग 'वरच्या पायरीचे काम' करण्यासाठी काही रक्कम आगाऊ भरावयास सांगतात. पडद्यावर नफ्याचे आकडे फुगत जातात; परंतु ती रक्कम काढू लागताच आधी कर भरा, मग दंड भरा, असे सांगून आणखी पैसे उकळतात. आकडे पडद्यावरच राहतात आणि घरातील शिल्लक मात्र नाहीशी होते.

दुसरी तऱ्हा टंकलेखनाची. घरी बसून काही पाने संगणकावर उतरवून द्यावयाची असतात. करारावर सही घेतात, काम करवून घेतात आणि शेवटी 'तुमच्या लेखनात चुका फार, तुम्ही करार मोडला' असे म्हणून वकिलाच्या नावाची धमकीची नोटीस पाठवितात. भित्रा मनुष्य कोर्टाच्या भयाने पैसे भरून मोकळा होतो.

तिसरी तऱ्हा सर्वांत घातक, आणि ती मुख्यतः महाविद्यालयात नुकत्याच गेलेल्या मुलांस गाठते. 'तुला काहीच करावयाचे नाही. तुझे बँकखाते थोडे दिवस वापरावयास दे, शेकडा काही दलाली तुझी,' असे सांगण्यात येते. याहून सोपे काम ते कोणते? परंतु त्या खात्यात येणारा पैसा कोणा तरी फसविल्या गेलेल्या वृद्धाचा अथवा विधवेचा असतो. पुढे तपास सुरू झाला म्हणजे पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात, खाते गोठविले जाते, आणि खरा चोर पडद्याआडच राहतो. आपले खाते, आपले सिमकार्ड आणि आपली ओळखपत्रे ही आपल्या सहीइतकीच जपावी, हे आम्ही मुलांस हात जोडून सांगतो. फसवणूक झालीच, तर लाज वाटून घरात लपवून न ठेवता 1930 या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

हे लोण परदेशापर्यंत पोहोचले आहे. थायलंडमध्ये संगणकावर बसून करण्याची मोठ्या पगाराची नोकरी आहे, असे सांगून आपल्या देशातील अनेक तरुणांस तिकडे नेण्यात आले आणि सीमा ओलांडून म्यानमारमधील म्यावाडीच्या परिसरात कोंडून ठेवण्यात आले. तेथे त्यांच्याकडून काम करवून घेतले ते कोणते? दुसऱ्या लोकांस मोबाईलवर फसविण्याचे! मार्च 2025 मध्ये भारतीय वायुसेनेच्या विमानांनी दोन दिवसांत अशा 549 भारतीयांस थायलंडमधील माए सोत येथून परत आणले. सुखाच्या नोकरीच्या शोधात निघालेली ही माणसे शेवटी पहाऱ्यात बसून इतरांसाठी तोच गळ टाकीत होती. याहून दुःखद गोष्ट आमच्या ऐकिवात नाही.

मग आळशी मनुष्याने करावे तरी काय? आम्ही त्यास असे सांगू की, तुझ्या आळसाचे दोन भाग कर. एक आळस कामापासून पळतो. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे टाकतो, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो. दुसरा आळस कामातील फोलपणास कंटाळतो. 'याच कामास इतका खटाटोप कशाला?' असे तो विचारतो. पहिला टाकून दे आणि दुसरा नीट जोपास, कारण जगाचे पुष्कळ भले त्याने केले आहे.

अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ या गृहस्थांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. 1885 साली वयाच्या सतराव्या वर्षी ते गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. एक वीट लावण्यासाठी गवंडी वाकतो, वीट उचलतो, फिरवून पाहतो, चुना घेतो, ठोकतो. अशा हालचाली त्यांनी मोजल्या तेव्हा त्या अठरा भरल्या. विटा हाताच्या उंचीवर येतील असा वरखाली होणारा पहाड त्यांनी योजिला, विटांची चांगली बाजू आधीच वर करून ठेवविली, चुना योग्य तितका पातळ करविला आणि अठरा हालचाली पाचांवर आणल्या. ताशी 120 विटा लावणारा गवंडी त्या रीतीने 350 विटा लावू लागला, आणि त्याची कंबरही वाचली. कामातील पुष्कळ सुधारणा आळशी कामगारांनीच शोधल्या आहेत, कारण आळशी मनुष्य एकही हालचाल वाया जाऊ देत नाही, असे गिलब्रेथ यांचे मत होते. परंतु हे ध्यानात घ्यावे की, हालचाली कमी करण्यासाठी त्यांस आधी विटा लावण्यास शिकावे लागले आणि मग पुष्कळ विचार करावा लागला. काम सोपे मिळाले नाही. ते त्यांनी सोपे केले.

विटांचा विषय निघाला म्हणून आपल्या वस्तीकडे वळतो. आज चारकोपच्या सेक्टरांतील ज्या घरांत आमचे कित्येक विद्यार्थी पंख्याखाली बसून अभ्यास करतात, त्यांतील पुष्कळ घरे कोणी आयती बांधून दिलेली नाहीत. 1985 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्याअन्वये म्हाडाने येथे लहान लहान भूखंड पाडले. रस्ते, पाणी आणि गटारे यांची सोय केली. आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांस ते भूखंड देऊन त्यांच्या सहकारी संस्था स्थापिल्या. घर मात्र ज्याचे त्याने बांधावयाचे होते. कोणी आधी एक खोली उभी केली, कोणी पुढे बोनस मिळाल्यावर माळा चढविला, कोणी सोने गहाण ठेवून छत घातले. खाडीकाठच्या त्या उजाड जागेत राहावयास येणे त्या काळी सुखाचे नव्हते. आज त्याच घरात नातवंडास जे सुख लाभते, ते आजी-आजोबांच्या त्या कष्टांचे व्याज आहे. मुद्दल कोणीतरी भरल्यावाचून व्याज मिळत नाही, हा हिशेब घरास जसा लागू आहे तसाच नोकरीसही आहे.

याचा अर्थ साऱ्या जन्माचे कष्ट करावे असा मात्र नव्हे. मुद्दल एकदाच, पण वेळेवर भरावे लागते. लिफ्ट बंद पडली म्हणजे तिची दुरुस्ती करणारा कारागीर येतो, पेटी उघडतो, दहा मिनिटांत दोष काढतो आणि पैसे घेऊन जातो. पाहणाऱ्यास वाटते, किती सोपे काम! परंतु ती दहा मिनिटे त्याने आयटीआयमध्ये आणि नंतर उमेदवारीत घालविलेल्या वर्षांतून निघालेली असतात. बीजगणिताचे एक सूत्र नीट समजावून घेणारा विद्यार्थी पुढे शंभर उदाहरणे हसत सोडवितो. न समजता पाठ करणाऱ्यास प्रत्येक उदाहरणासाठी नव्याने घाम गाळावा लागतो. तेव्हा खऱ्या आळशाने तरी पाठांतरापेक्षा समजण्याचाच मार्ग धरावा, कारण एकंदरीत तोच कमी कष्टाचा आहे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलास 'आळशी' ही पदवी देण्यापूर्वी तो कोणत्या कामात आळशी आहे हे पाहावे. एखादा मुलगा पुस्तक घेऊन बसत नाही, परंतु बिघडलेला पंखा खोलून तासन् तास बसतो. एखादी मुलगी चारचौघांत बोलण्यास कंटाळते, परंतु हिशेबाची वही निर्दोष लिहिते. अशांस त्यांच्या प्रकृतीस मानवणारे काम मिळाले, तर ते काम त्यांस सोपे वाटेल आणि आळस कोठे गेला हे कळणारही नाही. शेजाऱ्याच्या मुलाची खुर्ची पाहून आपल्या मुलासाठी तीच खुर्ची मागणे, यात त्याचे सुख नाही.

असो. नोकरीची कोणतीही जाहिरात घरात आली, तर आई-वडिलांनी व मुलांनी एकत्र बसून तीन प्रश्न विचारावे. हा मनुष्य मला पैसे का देतो आहे? माझ्या कामापासून त्याचा काय लाभ होतो? आणि नोकरी देण्यापूर्वी तो माझ्यापाशी पैसे, खाते अथवा कागद का मागतो? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर नोकरी लहान असली तरी स्वीकारावी. न मिळाली, तर पगाराचा आकडा कितीही मोठा असो, तिकडे पाठ फिरवावी. सोपे काम हवे असणाऱ्या विद्यार्थ्यांस आमचा आशीर्वाद आहे. त्यांनी ते शोधीत न बसता, एखादे उपयोगी काम आपल्या हातांनी सोपे करण्यास आजपासून आरंभ करावा.